माझ्या माहितीप्रमाणे

एनिड, ओक्लाहोमा
२२ ऑगस्ट २०१९

श्री. एफ्राइन बाका यांस,

आपली ओळख नाही. मी लाइल होल्कमची धाकटी बहीण, ट्रिना. तुम्ही आणि तो तोफखान्यात एकाच तोफेवर होतात, एवढंच मला ठाऊक आहे. तुमच्या टायरच्या दुकानाचा पत्ता त्याच्या खोक्यातल्या एका नाताळच्या कार्डावर मिळाला. मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "ऐकू येत नाही, लिहून पाठवा" असं ओरडून कुणीतरी फोन ठेवला. म्हणून लिहिते आहे.

लाइल गेल्या वर्षी १० मार्चला लॉटनमधल्या त्याच्या घरातून निघून गेला. फोन त्याने स्वयंपाकघरात ठेवला होता. त्याआधी एकदा इस्पितळात दाखल व्हायचं होतं तेव्हा त्याने माझ्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं होतं, त्यामुळे त्याचं बँकेचं खातं मला बघता येतं. दर महिन्याच्या एक तारखेला त्याचे सैनिकी पैसे जमा होतात आणि तीन तारखेला प्वेब्लोमधल्या एकाच मशीनमधून ते काढले जातात. ते मशीन तुमच्या दुकानापासून तीन चौकांवर आहे. यावरून तो तुम्हाला भेटत असावा असा माझा अंदाज आहे. चुकीचा असेल तर तसं कळवा.

काम असं आहे. ते घर विकायचं आहे. लाइलने ते २०१४ मध्ये, सैनिकांना सरकारच्या हमीवर मिळतं त्या कर्जातून घेतलं. तो गेल्यावर पंधरा हप्ते मी भरले. जूनमध्ये माझी बदली इथे एनिडला झाली. दोन घरं मला चालवता येत नाहीत. १ डिसेंबरनंतर बँक कोर्टात जाईल. मुखत्यारपत्रावर मी सही करू शकते, पण त्याला कळवल्याशिवाय करणार नाही.

तो तुम्हाला भेटतो का? भेटत असेल तर त्याला विचारून कळवावं.

ट्रिना होल्कम


प्वेब्लो, कोलोरॅडो
३० ऑगस्ट

इन्स्पेक्टरबाई,

फोन मीच ठेवला. राग मानू नका. सतरा वर्षं तोफेशेजारी उभं राहिलं की कानात फक्त शिट्टी उरते. समोरच्याचे ओठ दिसले तर मला कळतं. फोनला ओठ नसतात.

तुम्ही सरकारतर्फे धान्याच्या कोठारांवरचे ट्रकचे काटे तपासता, हे लाइलने सांगितलं. लहानपणी त्याच्या ताटातले वाटाणे मोजून "तुला चार जास्त वाढले" म्हणून भांडायचात, हेही सांगितलं. माझ्या दुकानातलं हवेचं माप चार पौंड जास्त दाखवतं. येऊन दंड करा.

अंदाज बरोबर आहे. तो इथंच असतो. इथं म्हणजे माझ्याकडे नव्हे. नदीकाठी, पुलाखाली, त्याच जुन्या पिकअपमध्ये. दुकानात येतो, टायर उतरवायला हात लावतो, माझ्या डब्यातली मिरची खातो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खातो, आणि वर म्हणतो, "ओक्लाहोमात लोक उगाच जगतात." तीन तारखेला मीच त्याला मशीनपाशी घेऊन जातो, कारण त्याला मशीनकडे पाठ करून पहारा द्यायला कुणीतरी लागतं.

तुमचं पत्र आलं तेव्हा तो जॅक लावत होता. मी सांगितलं.
"काय म्हणते?"
"घर विकायचं म्हणते."
"विक म्हणावं. माझं एकदाचं होतं, ते झालं."
"अरे, दोन ओळी लिही की तिला."
"तिला त्यात चुका सापडतील," म्हणाला आणि पाना घेऊन पलीकडे गेला.

तर परवानगी मिळाली असं समजा. आणि तो म्हणतो ते खरंच आहे हो, सैनिकाला घर एकदाच मिळतं. मलाही मिळालं होतं. मग बायकोला वकील मिळाला.

ए. बाका


एनिड
९ सप्टेंबर

श्री. बाका,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यासाठी हे लिहिते आहे. "सैनिकाला घर एकदाच मिळतं." हे चूक आहे. बहुतेक सैनिकांना तसंच वाटतं, पण नियम तसा नाही. घर विकून कर्ज पूर्ण फिटलं की तो हक्क सैनिकाकडे परत येतो, पूर्वी होता तेवढाच. एक अर्ज करावा लागतो, बस. पुन्हा घर घेता येतं, ते विकून पुन्हा. फक्त बँकेने जप्त करून तोट्यात विकलं आणि सरकारला भरपाई करावी लागली, तर हक्क अडकतो. म्हणून मला डिसेंबरच्या आधी विकायचं आहे. त्या घराचं मला काही नाही. लाइलचा हक्क मोकळा व्हायला हवा.

आता दुसरी गोष्ट. ही चूक लाइलला मी सांगितली.

सैन्यातून आल्यावर दोन वर्षं तो त्या घरात झोपला नाही. जेवायला आणि अंघोळीला आत यायचा. झोपायचा अंगणात, पिकअपमध्ये. शेजारच्या बाईने दुसऱ्यांदा पोलिसांना बोलावलं. पोलीस काच ठोकून म्हणाला, "गाडीत झोपायचं नाही इथे. घरी जा." लाइल म्हणाला, "हेच घर आहे माझं." पोलीस हसला. मी दारात उभी होते. तो आत आला तेव्हा मी म्हणाले, "सरकारने तुला एक घर दिलं. एकदाच मिळतं ते. तू ते अंगणातून बघत बसलास. आता दुसरं मिळणार नाही."

"एकदाच?"

"एकदाच."

"नक्की ठाऊक आहे तुला?"

"नक्की ठाऊक नसलेलं मी बोलते का कधी?"

त्याने ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. ही ९ मार्चची संध्याकाळ. सकाळी तो नव्हता.

मी नियम वाचला नव्हता. लॉटनमध्ये कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं मी त्याच्या तोंडावर फेकलं. वाचला या जुलैत, बँकेची नोटीस आल्यावर. माझ्या कामात न तपासलेला आकडा लिहिला तर सही करण्याचा अधिकार काढून घेतात.

हे पत्र त्याला वाचून दाखवा. पूर्ण. हातात दिलंत तर घडी घालून ठेवून देईल.

ट्रिना होल्कम


प्वेब्लो
२९ सप्टेंबर

इन्स्पेक्टरबाई,

तुमचं पत्र मी दुकानाचं शटर अर्धं ओढून वाचलं. मग बाहेर जाऊन एका गिऱ्हाईकाच्या गाडीला उजवीकडचं चाक डावीकडे लावलं.

अकरा वर्षं झाली माझं घर विकून. कर्ज पै न् पै फिटलं होतं. अकरा वर्षं मी दुकानामागच्या खोलीत खाटेवर झोपतो. मेव्हणा विचारायचा, "घर का घेत नाहीस?" मी म्हणायचो, "माझी फैर झाडून झाली." सुट्टीत मुलगी यायची तर तिला हॉटेलात ठेवायचो, रबराच्या वासाने तुझं डोकं दुखेल म्हणून. आता ती एकोणीस वर्षांची आहे आणि तिला सुट्टी नसते.

कुणी सांगितलं होतं आम्हाला हे? बराकीत एकाने दुसऱ्याला. दुसऱ्याने तिसऱ्याला. लाइलला तुमच्याही आधी मी सांगितलं असेल, दहा वर्षांपूर्वी, कॉफी पीत, अगदी शहाण्यासारखं. तेव्हा सगळं ओझं एकटीने उचलू नका.

तो अर्ज कुठं मिळतो?

लाइलला अजून वाचून दाखवलेलं नाही. इथं मिरच्या भाजायचा हंगाम चालू आहे, अख्खं गाव रस्त्यावर, आणि गर्दी असली की तो नदी सोडत नाही. असलं पत्र गाडीच्या काचेतून ओरडून वाचायचं नसतं. निवांत आला की वाचतो.

एफ्राइन


एनिड
१० ऑक्टोबर

एफ्राइन,

तुमच्यासाठी अर्ज जोडला आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. तिसऱ्या रकान्यात सैन्य सोडल्याची तारीख लागते, ती अंदाजाने लिहू नका.

गिऱ्हाईक मिळालं. लॉटनच्या लष्करी तळावरची एक सार्जंट आणि तिचा नवरा. तीही त्याच कर्जावर घेते आहे. त्यामुळे वाळवी तपासणारा येऊन गेला. वाळवी नाही. गॅरेजचं दार बदलून द्यावं लागलं. सह्या शुक्रवारी, १५ नोव्हेंबरला, लॉटनमध्ये, सकाळी अकरा वाजता.

अडचण एकच आहे. मी मुखत्यारपत्रावर सही करते, म्हणून त्या दिवशी नोटरीसमोर मला एक प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. त्यातलं वाक्य असं आहे: "माझ्या माहितीप्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती आज जिवंत आहे." माणूस मेला तर मुखत्यारपत्र त्याच क्षणी रद्द होतं. मग घर वारसाच्या कोर्टात जातं, महिने लागतात, आणि बँक थांबत नाही.

वाक्यात "आज" आहे. तीन तारखेला मशीनमधून पैसे निघाले म्हणून पंधरा तारखेला माणूस जिवंत आहे, असं मी लिहू शकत नाही. मला त्या दिवसाची माहिती हवी. तुम्ही त्या सकाळी त्याला प्रत्यक्ष बघून, अकराच्या आत माझ्या फोनवर संदेश पाठवाल का? वेळ लिहा.

आणि ते पत्र. कृपया.

ट्रिना


प्वेब्लो
२८ ऑक्टोबर

इन्स्पेक्टरबाई,

पंधरा तारखेचं काम माझ्याकडे लागलं. माझी बोटं फोनच्या काचेवर चालत नाहीत, एका वेळी चार अक्षरं दाबली जातात. शेजारी कपडे धुण्याचं दुकान चालवणाऱ्या नारान्होबाई आहेत, त्या पाठवतील. त्यांना सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "माणूस जिवंत आहे याची सरकारला रोज खात्री लागते का?" मी म्हटलं, "रोज नाही, घर विकतानाच."

परवा शनिवारी लाइल आला होता. खोकतो. मी त्याला सूप पाजलं, मटणाचं, हिरवी मिरची घालून. म्हटलं, थंडी पडायला लागली, माझ्या खोलीत ये, खाट तुला, मी टायरांवर पडतो. म्हणाला, "छप्पर असलं की मी ते पडायची वाट बघत बसतो." म्हटलं, इस्पितळात चल. म्हणाला, "तिथं दोन छपरं असतात." हसला आणि खोकला. नारान्होबाईंनी त्याला एक जाड रजई दिली, कुणीतरी धुवायला टाकून दोन वर्षं न नेलेली.

घराबद्दल एवढंच म्हणाला की डिसेंबरच्या आत विकलं गेलं तर बरं. "पेपरात नाव नको."

एफ्राइन


एनिड
५ नोव्हेंबर

एफ्राइन,

तीन तारखेला पैसे काढलेले नाहीत. चार तारखेलाही नाहीत. आज दुपारी पुन्हा बघितलं. वीस महिन्यांत असं झालेलं नाही.

उलट टपाली कळवा.

ट्रिना


प्वेब्लो
८ नोव्हेंबर

ट्रिना,

काळजी करू नकोस. मशीन बिघडलंय. लाइलला मी माझ्याकडचे पैसे दिले, पुढच्या महिन्यात देईल. तू तुझी तयारी कर. पंधरा तारखेला निरोप येईल.

एफ्राइन


एनिड
१६ नोव्हेंबर

एफ्राइन,

काल सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटांनी नारान्होबाईंच्या फोनवरून तुमचा निरोप आला: "आज ९.४० ला लाइलला पाहिलं. जिवंत आहे. ए. बाका." अकरा वाजून दहा मिनिटांनी मी सही केली. नोटरीने वाक्य मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे खरं आहे?" मी हो म्हणाले.

कर्ज सोमवारी फिटेल. उरलेली रक्कम लाइलच्या खात्यात जाईल.

सह्यांच्या आधी मी घरातून एकदा फिरून आले. सार्जंटचा नवरा अंगणात उभा होता. सिमेंटवर तेलाचा डाग आहे, पिकअप उभी असायची तिथे. तो म्हणाला, "हा घालवायला काय वापरता?" मी म्हणाले, काही वापरलं नाही. त्याने बुटाने तो घासून बघितला. त्यांची दोन मुलं आतल्या खोल्यांतून पळत होती आणि प्रत्येक खोलीत "माझी!" असं ओरडत होती. लाइलच्या खोलीतही ओरडली. त्या खोलीत कुणी झोपलेलंच नाही, भिंतीचा रंग अजून दुकानातल्यासारखा आहे.

हक्क परत मागायचा अर्ज सोबत आहे. हा लाइललाच सही करून द्यावा लागतो, तो मी देऊ शकत नाही. सगळे रकाने मी भरले आहेत. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली आहे. घाई नाही. त्याला एवढंच सांगा की हा कागद गेला की तो पुन्हा पहिल्यासारखा. घर हवं तेव्हा घेईल. न घेतलं तरी चालेल. घेता येतं एवढं असलं की झालं.

निरोपाबद्दल आभार. तुमच्याशिवाय मला सही करता आली नसती.

ट्रिना


प्वेब्लो
२३ नोव्हेंबर

ट्रिना,

तुझा अर्ज आला. फुली बघितली. आता मला लिहायलाच हवं.

लाइल गेला. तीन नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, मी त्याला मशीनपाशी न्यायला पुलाखाली गेलो. पिकअपच्या काचा आतून गोठल्या होत्या. रजई त्याच्या अंगावर होती, नीट, चारही बाजूंनी आत खोचलेली. मी दार ठोकलं. मग पान्याने काच फोडली. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं भरली होती, आदल्या रात्रीच गेला. झोपेत गेला म्हणतात. मी काही बघितलं नाही, तेव्हा मी तसं सांगणार नाही.

नातेवाईक कोण, असं विचारलं तेव्हा मी म्हणालो, एक बहीण आहे, मी कळवतो. आणि कळवलं नाही.

तूच लिहिलं होतंस, माणूस मेला की त्या क्षणी तो कागद रद्द. तूच लिहिलं होतंस, वाक्यात "माझ्या माहितीप्रमाणे" आहे. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. तुला माहीत झालं तर तू सही करणार नाहीस, हे मला तुझ्या अक्षरावरूनच कळत होतं. मग डिसेंबरात बँक कोर्टात गेली असती आणि जप्तीच्या नोटिशीत त्याचं नाव लॉटनच्या पेपरात आलं असतं. त्याला दुसरी कसलीच भीती नव्हती, पोरी. तुमच्या वडिलांचा पेट्रोलपंप जप्तीत गेला तेव्हा त्यांचं नाव आलं होतं ना? तू नऊ वर्षांची होतीस. वर्गातल्या मुलींनी ते कापून तुझ्या डब्यात ठेवलं होतं. लाइलने मला दहा वेळा सांगितलंय. तू तो कागद बाहेर काढून घडी घातलीस आणि जेवलीस, असं सांगायचा. "पुन्हा तिच्या डब्यात नको," म्हणायचा.

म्हणून मी तुझी माहिती पंधरा तारखेपर्यंत अडवून धरली. नारान्होबाईंना मी काही सांगितलेलं नाही, त्यांनी मी म्हटलं तसं टाइप केलं.

त्या सकाळी नऊ चाळीसला मी शवागारात होतो. तिथल्या माणसाला म्हटलं, एकदा बघू दे. बघितलं. "पाहिलं" हा शब्द खरा होता. दुसरा खोटा.

तो अजून तिथंच आहे. सही तुझीच लागेल.

एफ्राइन


एनिड
२९ नोव्हेंबर

श्री. बाका,

पत्र मिळालं. मी शवागाराशी बोलले. मृत्यूची नोंद २ नोव्हेंबरची आहे.

व्यवहार करून देणाऱ्या वकिलाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, सही करताना मुखत्याराला मृत्यू ठाऊक नसेल तर व्यवहार टिकतो. तुम्हाला ठाऊक होतं हे कायद्याला चालतं. त्या सार्जंटला घर सोडावं लागणार नाही. कर्ज फिटलेलं आहे. अर्ज करणारा नसल्यामुळे हक्काचा प्रश्न उरत नाही.

मी वकिलाला एक गोष्ट सांगितली नाही. मशीन बिघडलंय, असं तुम्ही लिहिलंत. त्या बँकेचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं की मशीन चालू आहे. मी बारा तारखेला फोन उचलला आणि खाली ठेवला. दुसऱ्या कुणाचा काटा असता तर मी केला असता. तुमच्या पत्रात पहिल्यांदाच "तू" होतं, आणि विनोद एकही नव्हता. तेही माझ्या लक्षात आलं होतं.

त्यामुळे खोटं तुम्ही एकट्यानेच बोललात असं मी म्हणणार नाही.

लाइलला लॉटनजवळच्या सैनिकी दफनभूमीत जागा मिळाली आहे. १५ डिसेंबरला, रविवारी, मी त्याला न्यायला प्वेब्लोला येईन.

त्याआधी मला एकाच गोष्टीचं उत्तर हवं आहे. ९ सप्टेंबरचं माझं पत्र तुम्ही त्याला वाचून दाखवलंत का? २९ सप्टेंबरला तुम्ही लिहिलंत, अजून नाही. त्यानंतर त्या पत्राचा उल्लेख नाही. तारीख आणि वेळ लिहा. नसेल वाचलं तर नाही म्हणून लिहा.

ट्रिना होल्कम


प्वेब्लो
४ डिसेंबर

ट्रिना,

वाचलं.

शनिवार, सव्वीस ऑक्टोबर. दुपारी दोनच्या सुमारास, सूप पिऊन झाल्यावर. तो टायरांच्या ढिगावर बसला होता, मी उभा. मला हळू आवाजात वाचता येत नाही, तेव्हा नारान्होबाईंच्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं असेल. पोलीस हसला तिथपर्यंत आलो तेव्हा तो म्हणाला, "पुढं." तू ताटाबद्दल लिहिलंस तिथं खाली बघत होता. संपल्यावर म्हणाला, "पुन्हा वाच, ते नियमाचं." मी ते पुन्हा वाचलं.

"म्हणजे परत मिळतं?"
"परत मिळतं."
"आणि ट्रिना म्हणते तिचं चुकलं?"
"लिहूनच दिलंय."
"तारीख टाकलीये का?"
"टाकलीये, नऊ सप्टेंबर."
"जपून ठेव. असं पुन्हा मिळायचं नाही."

आणि हसला. खोकला येईपर्यंत हसला.

तुला तेव्हा लिहिलं नाही कारण तो म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस, मीच लिहितो तिला." मी त्याला पाकीट आणि तिकीटही दिलं होतं. त्याने लिहिलं असेल तर ते पिकअपमध्ये सापडलं नाही. मी शोधलं.

एफ्राइन


एनिड
१० डिसेंबर

एफ्राइन,

तुमचं पत्र शनिवारी आलं. आज मंगळवार.

ते मी माझ्या पद्धतीने तपासलं. सव्वीस ऑक्टोबरला शनिवारच होता. सूप त्या दिवशीच होतं. "तारीख टाकलीये का?" हे लाइलचं वाक्य आहे, तो मला असंच चिडवायचा. पण तुम्ही त्याला वर्षानुवर्षं ओळखत होतात. त्याचं वाक्य तुम्हालाही रचता येईल. २८ ऑक्टोबरच्या पत्रात त्या शनिवारचा खोकला आहे, रजई आहे, छपराबद्दलचं त्याचं बोलणं आहे. वाचन नाही. त्याचं कारण तुम्ही दिलं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. माझ्यासाठी एखादं कारण शोधायचं असतं तर तेही असंच पटण्यासारखं असतं.

त्याने ऐकलं असेल, तर तो त्या रात्री हे ठाऊक असताना झोपला की त्याचं काही संपलेलं नाही. ऐकलं नसेल, तर माझं ९ मार्चचं वाक्य घेऊन झोपला. या दोनांच्या मधलं काही नाही. आणि हे जगात एकट्या तुम्हाला ठाऊक आहे. ज्या माणसाने माझ्या भल्यासाठी एकदा, वेळेसकट, "जिवंत आहे" असं लिहून पाठवलं, त्याच माणसाला.

नारान्होबाईंना विचारता येईल. त्यांच्या दुकानात त्या दुपारी कोण होतं, तेही शोधता येईल. तुमचा आवाज मोठा आहे, कुणीतरी ऐकलंच असेल किंवा नसेल. यादी मी केली होती. ती फाडली.

मी रविवारी दुपारपर्यंत पोहोचेन. तुम्ही शवागारात माझ्याबरोबर यावं अशी माझी इच्छा आहे. नंतर लॉटनपर्यंतही, जमलं तर. गाडीत आठ-नऊ तास लागतील. लाइलबद्दल मला सगळं सांगा. तोफेवरचं, मिरच्यांचं, नदीचं, जे आठवेल ते. मध्ये मध्ये वाढवून सांगितलंत तरी मी हिशेब ठेवणार नाही.

फक्त त्या शनिवारचं काढू नका. तुम्हाला खोटं लिहिताना मी बघितलं आहे, बोलताना बघितलेलं नाही. शेजारी बसून तुम्ही ते सांगायला लागलात तर मला कळेल. आणि मला कळायला नको आहे.

ट्रिना